१३५० कोटींचा विर्ट्झ लिव्हरपूलला पुरा पडणार का?

२७ डिसेंबरचा शनिवार. आपल्याकडे रात्रीचे सव्वानऊ वाजत आले होते. अ‍ॅनफिल्डवर रायन ग्राव्हेनबर्खने वुल्व्ह्जविरुद्ध गोल केला. त्याचा जल्लोष पुरता थांबलाही नव्हता, तेवढ्यात ह्यूगो एकिटिकेने बचावफळीच्या मधून एक पास सोडला. फ्लोरियन विर्ट्झ त्यावर धावला आणि त्याने चेंडू गोलकीपरच्या बाजूने जाळ्यात ढकलला.

सहकारी असे काही त्याच्या अंगावर पडले, जणू लिव्हरपूलने कपच जिंकलाय. समोर कोण होतं? वुल्व्ह्ज, म्हणजे गुणतालिकेत तळाला असलेला आणि त्या मोसमात तोपर्यंत लीगमध्ये एकही मॅच न जिंकलेला संघ. तोही सामना लिव्हरपूलने कसाबसा २-१ असा काढला. मग एका गोलचं एवढं काय?

तर तो विर्ट्झचा लिव्हरपूलसाठीचा पहिला गोल होता. १० ऑगस्टला कम्युनिटी शील्डमध्ये त्याने या क्लबची जर्सी पहिल्यांदा घातली आणि गोल आला डिसेंबर संपता संपता. मधल्या साडेचार महिन्यांत फुटबॉलवाल्या सोशल मीडियावर त्याच्या नावाने काय काय फिरलं, ते तुम्ही पाहिलं असेलच. त्याचा फोटो, खाली दोन शून्यं आणि बाजूला त्याची किंमत. एवढ्यावर मीम तयार व्हायचं.

आता गोल झालाय, त्यामुळे अर्धी जनता 'बघा, आम्ही म्हणत होतो' म्हणतेय आणि उरलेली अर्धी 'वुल्व्ह्जविरुद्ध कुणीही मारेल' म्हणतेय. पण खरा प्रश्न गोल व्हायच्या आधी जो होता, तोच आजही आहे. हा पोरगा लिव्हरपूलसाठी पुरेसा चांगला आहे का?

आधी पैशांचा विषय संपवू

२० जून २०२५ला लिव्हरपूलने जर्मनीच्या बायर लेव्हरकुसेनकडून विर्ट्झला घेतलं. १०० मिलियन पाउंड नक्की आणि पुढच्या यशावर अवलंबून असलेले १६ मिलियन पाउंड वेगळे. सगळे धरले तर ११६ मिलियन. तेव्हाच्या दराने हिशोब केला तर साधारण १३५० कोटी रुपये. आयपीएलच्या भाषेत सांगायचं तर २०२५च्या मोसमासाठी लखनौने ऋषभ पंतला विक्रमी २७ कोटींना घेतलं होतं. म्हणजे एका विर्ट्झच्या किमतीत पन्नास पंत.

ही तुलना मजेशीर आहे, पण पूर्ण खरी नाही. आयपीएलमधली बोली हा त्या खेळाडूचाच पगार असतो. फुटबॉलमधली ट्रान्सफर फी खेळाडूच्या खिशात जात नाही, ती त्याच्या जुन्या क्लबला मिळते. खेळाडूचा पगार वेगळा. शिवाय क्लबच्या वहीखात्यात ही रक्कम कराराच्या वर्षांमध्ये विभागली जाते. विर्ट्झचा करार पाच वर्षांचा आहे, म्हणजे नक्की रकमेचे दरवर्षी साधारण २० मिलियन पाउंड. लिव्हरपूलने त्याला २०२५च्या डिसेंबरपुरतं घेतलेलं नाही, २०३०पर्यंत घेतलंय.

अर्थात अ‍ॅनफिल्डच्या स्टँडमध्ये बसलेला माणूस वहीखातं बघत नाही. त्याला दिसतो तो आकडा आणि पाठीवरचा ७ नंबर. या क्लबमध्ये ७ नंबर म्हणजे केविन कीगन, केनी डाल्ग्लिश. तिथे 'जरा वेळ द्या' हे वाक्य फार दिवस चालत नाही. पंतचंही असंच झालं होतं. २७ कोटींच्या त्या मोसमात त्याच्या १४ मॅचमध्ये २६९ धावा झाल्या, त्यातलं शतक शेवटच्या मॅचमध्ये, लखनौ स्पर्धेबाहेर गेल्यावर. किंमत खेळाडूच्या आधी मैदानात उतरते ती अशी.

मुळात हा माणूस आहे कोण?

फुटबॉल फक्त प्रीमियर लीगपुरतं बघणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. विर्ट्झचा जन्म २००३चा, जर्मनीतल्या कोलोनजवळच्या पुलहाइमचा. कोलोनच्या अकादमीत वाढला, २०२०च्या जानेवारीत शेजारच्या लेव्हरकुसेनला गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध गोल करून बुंडेसलिगाचा तोपर्यंतचा सगळ्यात लहान गोलस्कोरर झाला. वय १७ वर्षं ३४ दिवस. २०२२च्या मार्चमध्ये गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, कित्येक महिने गेले. परत आला तेव्हा झाबी अलोन्सो कोच झाले होते.

मग आला २०२३-२४चा मोसम. लेव्हरकुसेनने बुंडेसलिगा एकही मॅच न हरता जिंकली. त्या क्लबचं ते पहिलंच लीग विजेतेपद. ज्या दिवशी ते पक्कं झालं, त्या दिवशी वेर्डर ब्रेमेनविरुद्ध ५-० असा निकाल लागला आणि विर्ट्झने हॅटट्रिक केली. तो मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे बायर्न म्युनिक त्याच्या मागे लागलं होतं, तरी त्याने लिव्हरपूल निवडलं.

मुद्दा असा की हा कुणी यूट्यूबवरच्या हायलाइट्स बघून उचललेला खेळाडू नाही. आणि इंग्लंडमध्ये गोल आटले तेव्हाही त्याचे पाय काही बधिर झाले नव्हते. सप्टेंबरमध्ये जर्मनीकडून नॉर्दर्न आयर्लंडविरुद्ध त्याने थेट फ्री किकवर गोल केला. नोव्हेंबरमध्ये जर्मनीने स्लोव्हाकियाला ६-० असं धुतलं, त्यातही त्याचे पास कामी आले. जर्मनीच्या जर्सीत चालतो आणि लिव्हरपूलच्या जर्सीत अडखळतो, म्हटल्यावर संशय फक्त खेळाडूवर घेऊन चालत नाही.

पण म्हणून त्याला सरळ निर्दोष सोडायचं का?

नाही. इथे विर्ट्झच्या चाहत्यांना थोडं कडू औषध घ्यावं लागेल.

'तो गोल करणारा खेळाडूच नाही, तो चान्स तयार करतो' असा बचाव सतत होतो. तो अर्धाच खरा आहे. त्याच्या सगळ्यात भारी मोसमात, म्हणजे २०२३-२४मध्ये, त्याने बुंडेसलिगात ११ गोल आणि ११ असिस्ट दिले होते. ३२ सामन्यांत. म्हणजे साधारण तीन सामन्यांमागे एक गोल आणि तितकाच एक असिस्ट. हा वेग इंग्लंडमध्ये निम्म्यावर आला असता तरी डिसेंबरपर्यंत लीगमध्ये दोन-तीन गोल दिसायला हवे होते. एकही नव्हता. याला निव्वळ नशीब म्हणता येणार नाही.

शरीराचाही प्रश्न आहे. प्रीमियर लीगमधले मिडफिल्डर अंगावर येतात, आणि ज्या ढकलाढकलीवर इतर लीगमध्ये शिट्टी वाजेल तिथे इंग्लंडमधला रेफ्री अनेकदा खेळ चालू ठेवतो. पहिल्या काही महिन्यांत विर्ट्झ चेंडू घेऊन वळायचा आणि तेवढ्यात कुणीतरी त्याला बाजूला सारून चेंडू घेऊन जायचं. लेव्हरकुसेनमध्ये ज्या अर्ध्या सेकंदात तो पास निवडायचा, तो अर्धा सेकंदच इथे मिळत नव्हता. ऑक्टोबरमध्ये चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मोठ्या सामन्यांत तो सुरुवातीच्या अकरा जणांत नव्हता. कोच आर्न स्लॉट पत्रकारांसमोर त्याची बाजू घेत होते, पण टीम निवडताना बाकावर बसवत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

त्यात नशीबही अधूनमधून टपली मारून जात होतं. ३ डिसेंबरला संडरलंडविरुद्ध त्याने बॉक्समध्ये घुसून शॉट मारला, चेंडू बचावपटू नॉर्डी मुकिएलेला लागून आत गेला, लिव्हरपूलने बरोबरी साधली. सगळ्यांना वाटलं, सुटला एकदाचा. नंतर तो मुकिएलेचा स्वयंगोल ठरला. मेहनत विर्ट्झची, आकड्यांच्या वहीत मात्र पुन्हा शून्य.

खरा घोळ जागेचा आहे

आता जरा मैदानावरच्या मांडणीत शिरू, कारण उत्तराचा मोठा भाग तिथे आहे.

लेव्हरकुसेनमध्ये अलोन्सो तीन बचावपटू ठेवायचे, दोन्ही बाजूंना विंगबॅक आणि स्ट्रायकरच्या मागे दोन खेळाडू. विर्ट्झ त्या दोघांतला डावीकडचा. ना धड मध्यभागी, ना धड कडेला. त्याच्या बाहेरून अलेहांद्रो ग्रिमाल्डो धावत वर यायचा, त्यामुळे समोरच्या राइटबॅकला ठरवता यायचं नाही की धरायचं कुणाला. मागे ग्रॅनिट झाका उभा असायचा, त्याचं मुख्य कामच विर्ट्झच्या पायात वेळेवर चेंडू देणं. थोडक्यात, घर विर्ट्झच्या मापाने बांधलं होतं.

लिव्हरपूलचं घर वेगळ्या माणसाच्या मापाचं होतं. २०२४-२५मध्ये हा संघ इंग्लंडचा विजेता झाला तो मोहम्मद सालाहभोवती. लीगमध्ये २९ गोल आणि १८ असिस्ट एकट्या सालाहचे. सालाह चेंडू गेल्यावर फारसा मागे येत नाही आणि कुणी त्याला तसं सांगतही नाही, कारण चेंडू आल्यावर तो काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या वाट्याची धावपळ बाकीचे करायचे. त्यात डॉमिनिक सोबोस्लाय सगळ्यात पुढे. स्ट्रायकरच्या मागे खेळणारा सोबोस्लाय हा नावाला अटॅकर आणि कामाला मजूर होता.

नव्या मोसमात त्याच जागेवर विर्ट्झला आणलं. विर्ट्झ आळशी अजिबात नाही, लेव्हरकुसेनमध्ये तो चेंडूच्या मागे जीव तोडून पळायचा. पण सोबोस्लायची ताकद आणि दोन्ही बॉक्समधल्या फेऱ्या हा वेगळा प्रकार आहे. मग सोबोस्लायचं काय केलं? सुरुवातीच्या सामन्यांत त्याला चक्क राइटबॅक खेळवलं. कारण ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड रेआल माद्रिदला गेला होता आणि तिथली जागा दुखापतींमुळे रिकामी पडत होती. गंमत म्हणजे तिथूनही त्याने आर्सेनलविरुद्ध फ्री किकवर विजयी गोल मारला. पण मधली भिंत पातळ झाली ती झालीच.

त्यात बाकीचे बदल बघा. लुईस डियाझ बायर्नला, डार्विन नुनेझ सौदीला. आले कोण? एकिटिके, लेफ्टबॅक मिलोश केरकेझ, उजवीकडे जेरेमी फ्रिम्पाँग आणि १ सप्टेंबरला १२५ मिलियन पाउंडांचा अलेक्झांडर इसाक. स्ट्रायकर नवा, दोन्ही फुलबॅक नवे आणि या सगळ्यांना चेंडू पुरवायचं काम ज्याच्यावर तोही नवाच. विर्ट्झचा खेळ मुळात ओळखीवर चालतो. कोण कधी, कुठे धावणार हे आधीच माहीत असेल तर तो पास डोळे मिटून देतो. इथे ओळखच होत होती.

निकाल सगळ्यांसमोर आहे. लीगमध्ये पहिल्या पाचही मॅच जिंकलेला हा संघ नंतर क्रिस्टल पॅलेस, चेल्सी, युनायटेड आणि ब्रेंटफर्डकडून ओळीने हरला. नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-३ आणि चॅम्पियन्स लीगमध्ये पीएसव्हीकडून १-४. सालाहचा फॉर्म गेला, इसाक उशिरा आल्याने तयारीत नव्हता, बचाव गळत होता. इतक्या गोष्टी मोडलेल्या असताना महागडा आणि नवा चेहरा बोट दाखवायला सोपा पडतो.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत येत नाही. विर्ट्झ आला २० जूनला. ३ जुलैला दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये कार अपघातात गेले. नवा मुलगा ज्या ड्रेसिंग रूममध्ये पहिल्यांदा शिरला, ती एका मित्राला नुकतंच पुरून आलेल्या माणसांची होती. क्लबने जोटाचा २० नंबर कायमचा निवृत्त केला. दर सामन्यात २०व्या मिनिटाला स्टेडियम त्याचं गाणं गातं. २७ तारखेचा सामना जोटाच्या दोन क्लबांमधला होता आणि संघांबरोबर मैदानात उतरणाऱ्या मुलांमध्ये जोटाची दोन मुलं होती. त्या दिवशी विर्ट्झचं खातं उघडलं.

आधी काय झालंय?

जर्मनीतून इंग्लंडला येऊन आपटलेल्यांची यादी छोटी नाही. जेडन सँचो डॉर्टमुंडहून ७३ मिलियन पाउंडांत मँचेस्टर युनायटेडला आला आणि हरवला. लाइपझिगचा नाबी केइटा लिव्हरपूलचाच अनुभव, दुखापतींतून कधी वर आलाच नाही. टिमो वेर्नरचं चेल्सीत जमलं नाही.

दुसऱ्या बाजूला लेव्हरकुसेनचाच एक जुना माणूस आहे. सॉन ह्युंग-मिन. २०१५मध्ये तो तिथून टॉटनहॅमला आला, पहिल्या मोसमात लीगमध्ये फक्त चार गोल केले आणि वैतागून जर्मनीला परत जायच्या विचारात होता. थांबला. २०२१-२२मध्ये २३ गोल करून सालाहबरोबर गोल्डन बूट वाटून घेतला आणि २०२५मध्ये कॅप्टन म्हणून टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली. आर्सेनलचा काय हॅवर्ट्झही असाच. २०२३मध्ये आला तेव्हा पहिला गोल व्हावा म्हणून सहकाऱ्यांनी बॉर्नमथविरुद्धची पेनल्टी त्याच्या हातात दिली, इतकी वाईट अवस्था होती. मग आर्टेटा यांनी त्याला मिडफिल्डमधून काढून स्ट्रायकर केलं. मोसम संपला तेव्हा लीगमध्ये १३ गोल.

लिव्हरपूलला मात्र स्वतःच्या घरातलं उदाहरण पुरेसं आहे. रॉबर्टो फर्मिनो २०१५मध्ये हॉफेनहाइमहून आला तेव्हा ब्रेंडन रॉजर्स यांना त्याला कुठे खेळवावं हेच कळत नव्हतं, कडेला ढकलत होते. ऑक्टोबरमध्ये युर्गन क्लॉप आले, त्यांनी त्याला मध्यभागी पुढे आणलं. नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीच्या मैदानावर ४-१ असा विजय, त्यात फर्मिनोचा पहिला गोल. पुढचा इतिहास माहीत आहेच. खेळाडू तोच होता, जागा बदलली होती.

आणि उलटं उदाहरणही लक्षात ठेवावं. मँचेस्टर युनायटेडच्या अँटनीने २०२२मध्ये लीगमधल्या पहिल्या तिन्ही सामन्यांत गोल केले होते, त्यात आर्सेनल आणि सिटीसारखे संघ होते. तेव्हा 'पैसे वसूल' म्हणणारे कमी नव्हते. तो सौदा कसा संपला, हे युनायटेडचा कुणीही फॅन सांगेल, फक्त त्याला विचारू नका. साडेचार महिन्यांचा दुष्काळ जसा खेळाडूला संपवत नाही, तसाच तीन सामन्यांचा पाऊस त्याला घडवतही नाही.

मग उत्तर काय?

खेळाडू म्हणून विर्ट्झ पुरेसा चांगला आहे, याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही. शंका घ्यायला जागा आहे ती लिव्हरपूलच्या नियोजनावर. १०० मिलियन देऊन दहा नंबरचा खेळाडू घ्यायचा आणि मग कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी बाकावर असं फिरवायचं, हे महागडी पैठणी घेऊन तिचे पडदे शिवण्यासारखं आहे. त्याच्या मागे झाकासारखा चेंडू पुरवणारा आणि बाजूने ग्रिमाल्डोसारखा धावणारा माणूस लागतो, हे लेव्हरकुसेनच्या मॅच बघणाऱ्या कुणालाही दिसत होतं.

चांगली खूण ही की गोष्टी हळूहळू जागेवर येताना दिसतात. ऑक्टोबरमध्ये आइनट्राख्ट फ्रँकफर्टविरुद्ध ५-१ असा विजय मिळाला तेव्हा त्याने दोन असिस्ट दिले होते (तोही जर्मन संघच, त्यामुळे तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही). ९ डिसेंबरला इंटर मिलानच्या मैदानावर तो बाकावरून आला, शर्ट ओढला गेल्याबद्दल शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळवली आणि सोबोस्लायने सामना जिंकून दिला. पेनल्टी होती का, यावर इटलीत अजून भांडणं चालू असतील. २० डिसेंबरला टॉटनहॅमविरुद्ध इसाकच्या गोलचा पास त्याचाच होता. आणि मग वुल्व्ह्ज. आता तो चेंडू गोलच्या जवळ घेतो, अंगावर आलेल्या खेळाडूला आधीसारखा लगेच शरण जात नाही.

पण यातला एक तपशील पोस्टमध्ये कुणी लिहीत नाहीये. ही सुधारणा झाली ती सालाह संघात नसताना किंवा बाकावर असताना. लीड्सविरुद्ध बाकावर बसवल्यावर सालाहने जाहीर नाराजी व्यक्त केली, इंटरच्या सामन्याला त्याला नेलंच नाही, आणि मग तो आफ्रिका कपसाठी इजिप्तबरोबर मोरोक्कोला गेला. त्याच्याशिवाय लिव्हरपूल मध्यभागी जास्त माणसं ठेवून खेळत होतं आणि चेंडू उजव्या कडेला जाण्याऐवजी विर्ट्झच्या पायात येत होता. इसाकही टॉटनहॅमविरुद्ध तो गोल मारतानाच पाय मोडून घेऊन बाहेर गेला, त्यामुळे पुढे एकिटिके एकटा होता आणि त्याची विर्ट्झशी गट्टी जमली होती.

१ जानेवारीला लीड्स, ४ला फुलहॅम, ८ला आर्सेनल. तीन सामने, तिन्ही सालाहशिवाय. आफ्रिका कपची फायनल १८ जानेवारीला होती. त्यानंतर सालाह परत येणार होता, त्याची जागा मागणार होता, आणि स्लॉट यांना ठरवावं लागणार होतं की हा संघ कुणाच्या मापाने बांधायचा.